पाऱ्याच्या चौकटीखाली एवढं छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी आपल्या अंकात पहिल्या पानावर ‘निफाडचा पारा घसरला’ ही चौकट वाचली आणि हे पत्र लिहायला बसले. चौकटीबद्दल तक्रार नाही. आम्हा द्राक्षवाल्यांना तो आकडा लागतोच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पहाटे किती अंश नोंदले गेले, यावरून रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या की नुसतं ठिबक सोडून भागेल, हे घरोघरी ठरतं. पण त्याच आकड्याकडे मी चार वर्षं निराळ्या नजरेनं बघत होते. तसं बघणारं तालुक्यात आणखी कुणी ना कुणी असणार. त्या माणसासाठी लिहिते आहे.

मला थंडीची भीती होती. ‘मला बाई थंडी सोसत नाही’ असं आपण म्हणतो, ते वेगळं. गार वाऱ्याची एक झुळूक मानेला लागली की माझी छाती धडधडायला लागायची, घशाला कोरड पडायची, हात गारठायचे आणि डोक्यात एकच, की आता आपण वाचत नाही. हे एप्रिल-मे महिन्यातही व्हायचं. फ्रिजमधून दूध काढायचं तर मुलीला हाक मारायची. बँकेत एसी म्हणून मी बाहेरच्या पायरीवर थांबायची आणि आमचे हे सहीसाठी कागद बाहेर घेऊन यायचे. कानटोपी, दोन स्वेटर, वरून शाल. पंख्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवली होती. खिडक्यांच्या फटींत जुने पेपर कोंबलेले होते. आणि उशाशी थर्मामीटर. दिवसातून दहा-बारा वेळा काखेत लावायची. आकडा नेहमी ३६.५, ३६.८ असा. तो बघून पाच मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा हात थर्मामीटरकडे जायचा.

सुरुवात कुठून झाली ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आता सांगता येतं. २०१४ च्या ऑक्टोबरात मला मलेरिया झाला. छाटणीचे दिवस, घरातली सगळी माणसं बागेत मजुरांबरोबर. घरी मी आणि सासूबाई, आणि त्यांना ऐकायला कमी येतं. दुपारी दोनचा सुमार, बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. आणि मला हुडहुडी भरली. दात असे वाजायला लागले की जीभ चावली गेली. लोखंडी कॉट हलून भिंतीवर आपटत होती, तो टक टक आवाज मला अजून आठवतो. दोन गोधड्या, एक घोंगडी, त्यावर सतरंजी घेतली तरी थंडी हाडातून जाईना. सासूबाईंना हाका मारल्या, त्यांना ऐकू गेल्या नाहीत. तासाभरानं मुलगा पाणी प्यायला घरी आला तेव्हा मी रडत होते. दवाखान्यात ताप भरला १०४.

मलेरिया गोळ्यांनी गेला. पण डिसेंबरात पहिल्यांदा बोचरं वारं सुटलं आणि अंगावर काटा आला, त्या क्षणी मी पुन्हा त्या कॉटवर होते.

पुढची चार वर्षं लोकांनी काय काय सांगितलं! कुणी म्हणालं मनाचे खेळ आहेत, कामात राहा. कुणी म्हणालं बाळंतपणात अंगात वारं शिरलंय, तेव्हा कान नीट बांधले नसतील. एकीनं बाहेरचं काही असेल म्हणून देवऋषीचा पत्ता दिला. माझी आई तर शेवटपर्यंत ‘गार पाण्यात हात घालू नको’ एवढंच सांगत राहिली. तिला मी दोष देत नाही. बाळ-बाळंतिणीला ऊब द्यायची, धुरी-शेगडी द्यायची, ही रीत तान्ह्या बाळासाठी शहाणपणाची होती, कारण तान्ह्याच्या अंगातली ऊब खरोखरच झपाट्यानं जाते. पण पन्नाशीला आलेल्या बाईला घरचे सगळे तान्ह्यासारखं जपायला लागले. ‘आईला थंडी बाधते’ म्हणून दार लावून घे, खिडकी लावून घे. मायेनंच करत होते. त्या मायेनं माझी भीती वाढत गेली, हे त्यांना आणि मला दोघांनाही समजत नव्हतं.

आता जे लिहिणार आहे ते सहा-सात वर्षांत यजमानांखेरीज कुणाशी बोलले नाही.

माझा थोरला भाऊ जानेवारी २०१८ मध्ये गेला. तो नाशिकला राहायचा. वडील लवकर गेले, त्यामुळे माझं लग्न त्यानंच लावून दिलं होतं. दहावा रामकुंडावर, सकाळी सातची वेळ. आम्ही जीप करून गेलो. गोदावरीवरून वारा येत होता, पाण्यावर धुकं होतं. जीपचं दार उघडलं आणि वारा तोंडावर आला तसे माझे पाय लुळे पडले. मी उतरले नाही. काचा वर करून, शाल डोक्यावरून घेऊन आत बसून राहिले. काचेवर वाफ धरत होती, ती मी पदरानं पुसून बघत होते. पिंड मांडला होता, वहिनी बाजूला उभी, पुतण्याचं मुंडण केलेलं डोकं. कावळा शिवेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. झाडावर कावळे होते, पण खाली येईनात. मग कुणी म्हणालं असेल, बहीण आली नाही, तिच्यात जीव अडकलाय. पुतण्या जीपपाशी आला, काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, “आत्या, दोन मिनिटं ये. नुसतं म्हण की भाच्यांना तू बघितलंस तसं मी तुझ्या पोरांना बघेन.” मी मानेनं नाही म्हणाले. शेवटी दर्भाचा कावळा करून त्यांनी विधी उरकला.

कावळ्यानं शिवावं, न शिवावं, यावर कुणाचा विश्वास असो नसो. माझ्या भावाची बायकामुलं त्या गारठ्यात ओल्या अंगानं उभी होती आणि मी दहा पावलांवर काचेमागे बसले होते. वहिनी त्याबद्दल मला कधी एक शब्द बोलली नाही.

तरीही मी डॉक्टरकडे गेले नाही. याला आजार म्हणतात हेच माहीत नव्हतं. मला वाटायचं माझा स्वभावच भित्रा.

त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेरीस मोठी थंडी पडली. कुंदेवाडीला १.८ अंश नोंदले गेले ते दिवस वाचकांना आठवत असतील. बागांत मणी तडकायला लागले होते. आमचे हे आणि मुलगा रात्रभर बागेत, बांधाबांधानं शेकोट्या करून. आपल्या किंवा दुसऱ्या कुठल्या पेपरात असेल, ‘जीवघेणी थंडी’ असा मथळा मी दुपारी वाचला होता आणि दिवसभर तोच शब्द डोक्यात घोळत होता. रात्री एकटं झोपायचं धाडस होईना म्हणून मुलीला माझ्या खोलीत घेतलं, तिचं बारावीचं वर्ष होतं. बंबातले निखारे लोखंडी घमेल्यात काढले, वर कोळसे टाकले आणि घमेलं खोलीत आणून ठेवलं. दाराखालच्या फटीत ओलं पोतेरं सारलं. खिडक्यांना पेपर होतेच.

पहाटे चारला मुलगा चहा न्यायला घरी आला म्हणून आज हे पत्र लिहिते आहे. त्यानं हाका मारल्या, मी ऐकत होते पण उठता येत नव्हतं. डोकं कुणी आवळून धरल्यासारखं. मुलगी दाराकडे जाताना उंबऱ्यावर कोसळलेली. त्यानं दार ढकललं, खिडक्या फोडल्यागत उघडल्या आणि दोघींना अंगणात आणून टाकलं. दोन अंशांच्या त्या अंगणात मी तासभर उताणी पडून होते आणि त्या हवेनंच आम्ही वाचलो. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि माणूस झोपेतच जातो. निखारे धूर करत नाहीत म्हणून आपण त्यांना निर्धोक समजतो. कृपा करून कुणीही बंद खोलीत शेगडी किंवा घमेलं घेऊन झोपू नका.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं मुलाला विचारलं, “खिडक्यांना पेपर कशाला कोंबले होते?” मुलानं सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं, थायरॉइड ठीक. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड मंदावलं की माणसाला इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते, म्हणून ते आधी बघावं लागतं. काहींची बोटं गारव्यानं पांढरी, मग निळी, मग लाल होतात. रेनॉडचा विकार म्हणतात त्याला, ते निराळं प्रकरण, त्याचं औषध निराळं. मला लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत अंगात थोडी धग आली, भीती मात्र जिथल्या तिथं. मग त्यांनीच नाशिकच्या एका मानसोपचार तज्ज्ञ बाईंकडे चिठ्ठी दिली.

बाईंनी पहिल्याच दिवशी मला त्या मलेरियाच्या दुपारबद्दल विचारलं आणि म्हणाल्या, “तुमच्या आयुष्यातली सगळ्यात भयंकर थंडी तुम्हाला वाजली तेव्हा अंगात ताप किती होता?” मी म्हणाले १०४. आणि बोलता बोलता थांबले.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. शरीराचा नेहमीचा आकडा ३७ अंशांच्या आसपास. तापात मेंदूतलं हायपोथॅलॅमस नावाचं केंद्र तो आकडा वर नेऊन ठेवतं, समजा ४० वर, म्हणजे फॅरनहाइटमधले माझे १०४. आता अंग ३७ वर आणि मेंदूला हवेत ४०, म्हणून त्याला अंग गार वाटतं. तो कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतो, स्नायू थरथरवून उष्णता तयार करतो. माणूस कापतो ते ताप चढत असतो म्हणून. म्हणजे त्या दुपारी थंडी कुठेच नव्हती, ना बाहेर, ना अंगात. आणि दुसरी गोष्ट. माणूस घाबरला की रक्त बोटांकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, कातडीतल्या वाहिन्या आक्रसतात, हातपाय गार पडतात, काटा येतो, थरथर सुटते. गारठ्यात शरीर जे करतं त्यातलं बरंचसं भीतीतही करतं. मला झुळुकीनं भीती वाटायची, भीतीनं हात गार पडायचे, गार हात बघून मी म्हणायचे बघा थंडी शिरली, आणि आणखी घाबरायचे. थर्मामीटर बिचारा ३६.८ सांगत होता, आणि मी त्याला पाच मिनिटांच्या वर कधी ऐकलं नाही.

हे समजलं त्या दिवशी बसमध्ये मी निफाडपर्यंत रडत आले. दुःखानं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी मला भित्री म्हणालं नव्हतं.

बाईंनी आणखी एक सांगितलं त्याचा मोठा आधार वाटला. चिनी समाजात या भीतीला फार पूर्वीपासून नाव आहे, ‘पा-लेंग’, म्हणजे थंडीची भीती. तिथली माणसं उन्हाळ्यातही कपड्यांवर कपडे घालून बसतात. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी माझ्यासारखंच दोन स्वेटर घालून खिडकी लावून घेत असेल, हे ऐकून एकटेपणा गेला.

उपचार म्हणाल तर त्यात मंत्र नव्हता. गोळी थोडे दिवस झोपेसाठी होती. खरं औषध पायऱ्यांचं. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाला आवडता खाऊ देत देत ससा रोज थोडा जवळ आणला आणि शेवटी तो मुलगा सशाला कुरवाळू लागला. त्यातली थोडं-थोडं जवळ जायची वाट मी धरली. ससा म्हणजे माझ्या बाबतीत माठातलं पाणी. एका वहीत मी मला भिववणाऱ्या गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे शंभरपैकी भीतीचे गुण. माठातल्या पाण्याचा स्टीलचा तांब्या दोन्ही हातांत धरणं, गुण ३५. रामकुंड, गुण १००.

पहिला तांब्या मी स्वयंपाकघरात पाटावर बसून धरला. मुलगी घड्याळ घेऊन समोर. तांब्याच्या बाहेरून पाण्याचे थेंब धरले होते, एक थेंब माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मी ३५ लिहिले होते, पण प्रत्यक्षात गुण ८० वर गेले. सोडून द्यावासा वाटला. नियम एकच होता: भीती निम्म्यावर उतरेपर्यंत तांब्या खाली ठेवायचा नाही, आणि मध्ये शेकायचं नाही, शाल ओढायची नाही. दोन-दोन मिनिटांनी मुलगी आकडा विचारत होती. ऐंशी, ऐंशी, पंच्याहत्तर, ऐंशी, सत्तर. मग पंचावन्न. पंचविसाव्या मिनिटाला मी पस्तीस म्हणाले. तांब्या तोच, पाणी तेवढंच गार. मी काहीही केलं नव्हतं, नुसती बसून होते. भीती आपली आपण उतरते, तिला पळून जाऊन दाखवलं नाही तर, हे मला कुणी सांगून पटलं नसतं. दुसऱ्या दिवशी तोच तांब्या ५० पासून सुरू झाला, आठवड्यानं १५ पासून.

मग फ्रिज. मग ओला रुमाल मानेला. मग सकाळी शहाबादी फरशीवर अनवाणी. मधे फार घसरलेही. जूनमध्ये पहिला पाऊस अंगावर आला आणि तीन दिवस खोलीबाहेर आले नाही. बाई रागावल्या नाहीत, म्हणाल्या दोन पायऱ्या मागे या आणि परत चढा. सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर थर्मामीटर. तो आधी पुरावा म्हणून कामाला आला, पण नंतर बाईंनी तोच काढून घेतला. म्हणाल्या, तुमचा जीव त्या आकड्यावर टांगलेला आहे तोवर तुम्ही बऱ्या झाल्या नाहीत. कानटोपी, जादा शाल, सगळं एकेक करून सुटलं. घरच्यांनाही एक धडा होता: मी ‘खिडकी लावा’ म्हणाले तर लावायची नाही. सासूबाईंना हे फार जड गेलं. त्यांना वाटायचं सून आता न्यूमोनियानं जाणार. डॉक्टरांनी त्यांना समजावलं की सर्दी-पडसं विषाणूंनी होतं, हात गार पाण्यात घातल्यानं नाही. आपल्या भाषेत सर्दी या शब्दातच थंडी बसली आहे, त्याला डॉक्टर तरी काय करणार. पण सासूबाईंनी खिडकी मात्र उघडी ठेवली.

पुढच्या हिवाळ्यात, २०१९ च्या डिसेंबरात, पहाटे पाचला मी मुलाबरोबर बागेत गेले. एक स्वेटर, डोक्याला रुमाल, जशा इतर बायका जातात तशी. हरभऱ्यावर दव होतं, शेजारच्या वावरात गहू छान पोटरीवर आला होता. त्याला ही थंडी मानवते. जी थंडी द्राक्षाची फुगवण थांबवते, तीच गव्हाला लागते.

संपादक साहेब, थंडी खोटी आहे असं मी म्हणत नाही. फुटपाथवर झोपणाऱ्याला, ऊसतोडीच्या फडावर कोपीत तान्हं घेऊन निजणाऱ्या बाईला, दम्याच्या आणि हृदयाच्या म्हाताऱ्या माणसाला थंडी खरोखर बाधते. त्यांच्यासाठी ‘जीवघेणी’ हा शब्द राखून ठेवा. आठ-नऊ अंशांना दरवर्षी तोच मथळा देऊ नका. आणि थंडीच्या दिवसांत पाऱ्याच्या चौकटीखाली दोन ओळी छापा. एक, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये. दुसरी, भीतीनं जगणं अडलं असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. असा नंबर २०१५ साली असता आणि मला कुणी दिला असता तर भावाच्या दहाव्याला मी जीपमध्ये बसून राहिले नसते.

जानेवारी २०२० मध्ये भावाचं दुसरं वर्षश्राद्ध होतं. सकाळी पावणेसातला रामकुंडाच्या पायऱ्या उतरले. पुतण्यानं हात धरला होता, वहिनी वर उभी होती. पहिल्या पायरीवर पाणी घोट्यापर्यंत आलं, दुसऱ्या पायरीवर पोटऱ्यांपर्यंत. वही नेली नव्हती, मनात आकडे मोजत होते. सत्तर, साठ, साठ. पोटऱ्या दुखायला लागल्या, बोटं बधिर झाली. गोदावरीचं पाणी फार गार होतं आणि आता मला ते नुसतं गार लागत होतं. पंचवीसवर आल्यावर मी वहिनीला हाक मारली. ती साडी खोचून खाली आली आणि माझ्या शेजारी पाण्यात उभी राहिली. भावाला जे सांगायचं राहून गेलं होतं, ते मी तिच्यादेखत सांगितलं.

नाव-पत्ता सोबत दिला आहे, पण छापू नये ही विनंती. मुलीचं लग्न बघणं चालू आहे आणि लोक अजून अशा आजाराचा वेगळा अर्थ काढतात.

आपली,
एक द्राक्ष बागाईतदार वाचक,
ता. निफाड, जि. नाशिक